निमंत्रकांत पहिलं नाव

सुनंदा खटावकरने कॉलेजच्या ऑनलाइन वेब प्रोग्रॅमिंग कोर्सचा प्रकल्प म्हणून लेकीची लग्नपत्रिकाच वेबपानावर बनवली होती. पान बघणाऱ्याचे डोळे ओळखायचं आणि निमंत्रकांत त्याचंच नाव पहिलं दाखवायचं. त्यामुळे पत्रिकेवरून एकही नातेवाईक रुसला नव्हता.

तोंडी परीक्षेत स्क्रीनवरून सरांनी विचारलं, "एकाच फोनवर दोघांनी एकदम पाहिलं तर? पान गोंधळेल."

"नाही गोंधळणार, सर."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत आवाज चढले. तिचा नवरा गिरीश आपलं नाव पहिलं असल्याचं सांगत फिरतो, हे कळल्यावर थोरले दीर उमाकांत नऊ वर्षांचा अबोला मोडून भांडायला आले होते.

"पहिलं नाव माझं आहे!"

"दादा, हे बघ, माझ्या फोनवर माझं आहे."

"खोटं बोलतो तुझा फोन. आण इकडे."

उघड्या दारातून सुनंदाला दिसलं, दोघांची डोकी एका फोनवर वाकली आणि भांडण तिथेच थांबलं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"दोघांनी एकदम पाहिलं, सर. आता पहिलं नाव सासूबाईंचं दिसतंय आणि खाली दोन्ही मुलांची, एकाच ओळीत."

बाहेरून उमाकांतांचा घोगरा आवाज आला, "गिऱ्या, आईला हाक मार. तिलाही बघू दे."

सर हसले. "ही अट शेवटी सुचली का?"

"नाही, सर," सुनंदा म्हणाली. "हा कोर्स लावला तोच या अटीसाठी."