उद्धट पोरगा पाहिजे

बी.एड.च्या प्रोजेक्टसाठी वृंदाला एका बंडखोर किशोरवयीन मुलाचं निरीक्षण करायचं होतं. लालबागमधली नावाजलेली उद्धट पोरं वर्गातल्या मैत्रिणींनी आधीच पटकावली होती. उरला तिचा स्वतःचा सौमित्र. दहावीतला हा मुलगा दूध पिऊन झालं की ग्लाससुद्धा विसळून ठेवायचा.

"अरे, एकदा तरी उलट बोल! निदान दार तरी आपट," वृंदा रोज विनवायची.

"नाही हं आई, वाईट दिसतं ते," म्हणत तो तिच्यापुढे चहाचा कप ठेवायचा.

सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी नवरा कामावरून आला, तशी वृंदाला रडूच फुटलं.

 

"अहो, पोरगा पार हाताबाहेर गेलाय! आठवडाभर कानीकपाळी ओरडतेय, उलट बोल म्हणून. पण माझं एक ऐकेल तर शपथ!"