नेरे वाटेत येत नाही

"नेरे वाटेत येतच नाही, बाई." पेन्शन कचेरीतल्या साहेबांनी मोबाइलवरचा नकाशा सिप्पोरासमोर धरला. "तुमचं घर पनवेलात, कारखाना तळोज्याला. मग सकाळी साडेसहाला तुमचे मिस्टर नेऱ्याच्या रस्त्यावर काय करत होते?"

घरून कामावर जाताना झालेला अपघातच कामावरचा धरतात, एवढं तिला आता पाठ झालं होतं. नाहीतर विधवेची पेन्शन बंद, आणि चुकून दिलेली आठ महिन्यांची रक्कम परत. परत द्यायला होतं काय तिच्याकडे! त्याच पैशांवर तर ती जगत होती.

अर्ज तिनेच भरला होता. 'कोठून निघाले' या रकान्यात ठसठशीत अक्षरात पनवेलचा पत्ता लिहिला होता. दुसरं काय लिहिणार? दोन वर्षं ती जगाला तेच तर सांगत आली होती. तिचा नवरा मनासे एके दिवशी कपड्यांची बॅग उचलून निघून गेला. भांडण नाही, तंटा नाही. पनवेलात त्यांची बेने इस्रायली ज्यूंची घरं उरली होती बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचे कधीच इस्रायलला गेलेले. एवढ्याशा समाजात नवऱ्याने टाकलेली म्हणून तोंड कसं दाखवायचं? शुक्रवारी सिनेगॉगमध्ये कोणी काही विचारायच्या आतच ती हसून म्हणे, "त्यांना शिफ्ट आहे ना." मग घरी येऊन शब्बाथच्या दिव्याच्या उजेडात एकटीच जेवायला बसे.

आज शेजारच्या खुर्चीवर तिचा धाकटा दीर यायर होता, सोबतीला म्हणून आलेला. निदान त्याच्यासमोर तरी हे नको होतं.

"मग फाइल बंद करू?" साहेबांनी विचारलं.

सिप्पोराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पदर मुठीत घट्ट धरला.

"ते घरूनच निघाले होते, साहेब. पण त्यांचं घर नेऱ्याला होतं. दोन वर्षं ते माझ्याजवळ राहत नव्हते."

यायरकडे बघायचा तिला धीर होईना.

"याला पुरावा?"

यायरने खिशातून भाड्याच्या पावत्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"दादाला खोली मीच बघून दिली होती, साहेब," तो खाली मान घालून म्हणाला. "आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. वहिनी बोलत नव्हत्या, म्हणून आम्हीही कधी विचारलं नाही."