तेरावा पापड

गच्चीवरून ऋजुताचं हसणं ऐकू आलं आणि माझ्या हातातलं पातेलं सिंकमध्ये आदळलं. लॉकडाऊन लागल्यापासून माझ्याशी "हं" नि "नको" एवढंच बोलणारी माझी दहावीतली लेक, वरच्या नेवेकाकूंशी मात्र रोज तासन्‌तास बोलत होती. मी तिच्या आवडीचं रांधलं, उशाशी बसले, हनुवटी धरून विचारलं, "काय होतंय, आईला सांग ना!" तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

ती आंघोळीला गेल्यावर मी मास्क चढवून गच्ची गाठलीच. काकू एकट्याच उडदाचे पापड लाटत होत्या.

"असं काय सांगता हो काकू, माझ्या पोरीला?"

"मी कशाला काय सांगू? मला हे पाच किलो संपवायचेत." त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "ती लाट्या करते, मी लाटते. पापड लाटताना कोण कुणाच्या तोंडाकडे बघतं? मग बोलतात पोरं."

जळफळत खाली आले. म्हणे, बोलतात पोरं! तरी दुसऱ्या दिवशी पीठ कुटलं, पोळपाट-लाटणं घेऊन बसले आणि हाक मारली, "लाट्या करून दे गं जरा."

बारा पापड झाले. ओठांवर आलेला प्रश्न मी दर वेळी गिळला. तेराव्याला ती हळूच म्हणाली, "आई, मला रोज वाटतं, सकाळी उठेन तेव्हा तू नसशील."

लाटण्याखाली पापड फाटला. मी मान वर केली नाही. फाटकाच लाटत राहिले.