करपलेला घाणा

बाळंतपणातल्या तापात वनमालाला वास यायचा जो बंद झाला तो झालाच. लेक पाच महिन्यांची झाली, तरी तिच्या टाळूचा वास कसा असतो हे आईला ठाऊक नव्हतं. म्हणून मुलुंडच्या बाजारात कॉफी भाजणाऱ्या अण्णांकडे ती रोज लेकीला कडेवर घेऊन जायची. अण्णा ताज्या भाजलेल्या बियांची मूठ तिच्या नाकाशी धरायचे. "आला वास?" ती मान हलवायची. "उद्या येईल, अम्मा." आज गिऱ्हाइकाशी वर्ल्डकपवरून हुज्जत घालताना अण्णांचं भट्टीकडे लक्षच राहिलं नाही. दारातूनच वनमाला ओरडली, "अण्णा, करपतंय!" अण्णा धावले. अख्खा घाणा काळा पडला होता. कपाळावर हात मारून ते वळले आणि थबकले. "अम्मा... तुला कळलं?" वनमालाने पायरीवरच बसून लेकीच्या टाळूत नाक खुपसलं. खोबरेल, वेखंड, दूध! "अगं बाई, अशी आहेस होय तू!"