तीन क्रेडिट

उर्वी कतारमध्ये, दोह्यात बारावीला होती. शाळेत असतानाच कॉलेजचा एक विषय पुरा केला, की पुढच्या पदवीसाठी तीन क्रेडिट आत्ताच जमा होणार होते. त्यातल्या प्रकल्पासाठी तिनं बाबांच्या कंपनीतले ड्रायव्हर पोपटराव यांची मुलाखत घेतली.

"आई गेली तवा ऑफिसातनं रजा मिळाली न्हाई, ताई," ते म्हणाले. "हमद पोर्टच्या भायेर गाडी बाजूला लावली, अन् मोबाइलवर तिची चिता पेटताना बघितली."

उर्वीनं हे पालकांसमोर सादर केलं, तेव्हा सगळं सभागृह सुन्न झालं. बाबा तर उभे राहून, डोळे पुसत टाळ्या वाजवत होते.

घरी परतताना गाडी पोपटरावच चालवत होते. उर्वीनं विचारलं, "काका, तुमची रजा नाकारली कुणी?"

 आरशातून पोपटरावांनी फक्त एकदा मागे बसलेल्या बाबांकडे पाहिलं.  उर्वी बाबांपासून सरकून दाराला चिकटून बसली.



"काम अडलं होतं गं, म्हणून मीच नाकारली," बाबा हसून म्हणाले. "पण बघ, शेवटी तुझ्या क्रेडिटच्या कामी आलं ना!"