जास्तीची खोली

संसार मांडायच्या त्या कॉम्प्युटर गेमचा मला वीट आला, तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, “ताई, तू त्यांना सारखे हुकूम सोडतेस, म्हणून कंटाळतेस. मोकळं सोड त्यांना. नुसती बघत बस.”

गेममधलं जोडपं म्हणजे आम्हीच, मी आणि नवरा. घरही आमचंच, तिसऱ्या मजल्यावरचं. फक्त बैठकीच्या भिंतीपलीकडे मी हौसेनं एक जास्तीची खोली बांधली होती. खऱ्या घरात त्या भिंतीपलीकडे नुसती हवा आहे.

मोकळं सोडल्यावर ती दोघं त्या खोलीतच रमली. तो तिचे केस विंचरायचा. ती काहीतरी सांगायची आणि तो पोट धरून हसायचा. माझा नवरा चार हाका मारल्याशिवाय मोबाइलमधून मान वर काढत नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग एकदा जेवताना नवरा त्या भिंतीकडे बघून हसला.

“काय झालं?”

“कुठं काय?”

आज दुपारी गेममधली ती खोलीत एकटी दिसली. मी त्या खोलीचं दारच काढून टाकलं. गेममध्ये ते एका बोटाचं काम. म्हटलं, बस आता आत.

ती रडली नाही. भिंतीशी आली आणि टकटक करू लागली.

कॉम्प्युटरचा आवाज मी बंद ठेवला होता. तरी टकटक ऐकू आली.

सोफ्यावरच्या नवऱ्यानं मोबाइल बाजूला ठेवला, केसांवरून हात फिरवला आणि भिंतीकडे निघाला.

“आलो गं,” तो म्हणाला.

मला त्यानं इतक्या पटकन कधी ओ दिली नव्हती.