दिवाळीचा सिनेमा

यंदा घरात फराळ झाला नव्हता. शेजारणीने आणून दिलेली चकली बशीत ठेवून कुंदाताईंनी दिगंबररावांचा लाडका सिनेमा लावला. अंतराळात एकटा अडकलेला माणूस आणि त्याची घरी परतायची धडपड. दर दिवाळीला तो लागायचाच. कुंदाताईंना इंग्रजी येत नसे, म्हणून दिगंबरराव शेजारी बसून एकेक वाक्य मराठीतून सांगायचे. शेवट जवळ आला, की मात्र रिमोट उचलून टीव्ही बंद करायचे.

"आता राहिलंय काय? पोचतो तो घरी. चहा टाक."

आज बंद करायला कोणी नव्हतं. सिनेमा पुढे सरकला. त्या माणसाने यानातले दिवे स्वतःच्या हाताने मालवले, डोळे मिटले आणि यान अंधारात दूर जात राहिलं. तो पोचलाच नाही. एवढं कळायला इंग्रजी लागत नव्हतं.

कुंदाताई सुन्न झाल्या. ऑपरेशनला आत नेताना स्ट्रेचरवरून हसून, अगदी त्याच आवाजात दिगंबरराव म्हणाले होते, "येतोच की घरी चार दिवसांत." आणि कुंदाताईंनी डोळे झाकून विश्वास ठेवला होता.

लेक हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनेही तो सिनेमा बाबांच्या मांडीवर बसून, ते बंद करायचे तिथपर्यंतच पाहिला होता.

"आई, शेवटी काय झालं गं त्याचं?"

कुंदाताईंनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"काय व्हायचंय? पोचला तो घरी," त्या म्हणाल्या. "चहा टाक."